रेप्लिकेशनची प्रोटीनं शिकायची तर आधी एसएसबी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टला कुणी डीएनए रेप्लिकेशन, म्हणजे पेशीत डीएनएची प्रत तयार होणं, हा विषय घेतला, की पाठोपाठ डीएनएचे दोन पदर सोडवणाऱ्या हेलिकेजचं नाहीतर नवा पदर बनवणाऱ्या पॉलिमरेज थ्रीचं नाव येतं. नावं भारदस्त आहेत, पण एका सेमिस्टरमध्ये पेलणारी नाहीत. ई. कोलाय या जिवाणूच्या पॉलिमरेज थ्री होलोएन्झाइममध्ये, म्हणजे त्याच्या पूर्ण यंत्रणेत, दहा वेगवेगळी सबयुनिट्स असतात. रेप्लिकेशनचं हेलिकेज म्हणजे सहा सबयुनिट्सचं कडं. त्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं आणि डीएनएवर चढवून द्यायला आणखी एक प्रोटीन लागतं. त्यापेक्षा एसएसबी घ्यावं, म्हणजे एकपदरी डीएनए धरून ठेवणारं प्रोटीन. ते भरपूर तयार होतं, तापमानाला चिवट असतं, त्याला एटीपी लागत नाही आणि शुद्ध करायला महागडं क्रोमॅटोग्राफी यंत्र नसलं तरी चालतं. शिवाय रेप्लिकेशनच्या कुठल्याही प्रोटीनमध्ये पुढे ज्या खोड्या आडव्या येतात त्या सगळ्या इथे स्वस्तात शिकून होतात. त्यातली सर्वांत मोठी खोडी म्हणजे जेलवर एकच स्वच्छ बँड दिसणारं प्रोटीन डीएनए खाणारं निघू शकतं.

थोडी ओळख. ई. कोलायच्या एसएसबीत १७७ अमिनो आम्लं असतात आणि वजन साधारण १८.८ किलोडाल्टन. काम मात्र चौघं मिळून करतात, म्हणजे टेट्रामर ७५ किलोडाल्टनचा. टी४ फाजमधलं (जिवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूमधलं) अशाच कामाचं प्रोटीन ब्रूस आल्बर्ट्स यांनी १९७० मध्ये दाखवलं आणि ई. कोलायचं पाठोपाठ १९७२ मध्ये हाती आलं. प्रत्येक मोनोमरच्या शेवटी आम्लधर्मी अमिनो आम्लांची एक शेपटी असते. एक्झोन्यूक्लिएज वन, अडलेलं रेप्लिकेशन पुन्हा सुरू करणारं प्राय-ए, पॉलिमरेज थ्रीचं ‘काय’ (ग्रीक अक्षर χ) नावाचं सबयुनिट ही मंडळी त्या शेपटीलाच येऊन चिकटतात. शेपटीतलं १७६ वं प्रोलीन बदलून सेरीन झालं तर जिवाणू चढ्या तापमानाला मरतो. म्हणून क्लोन निवडताना शेपटीवर, म्हणजे सी-टोकाला, हिस्टिडीन टॅग (निकेलच्या कॉलमवर प्रोटीन पकडता यावं म्हणून जोडलेला तुकडा) असलेला प्लाझ्मिड घेऊ नका. त्यातून बनलेलं प्रोटीन डीएनए धरेल, पण बाकीच्या प्रोटीनांशी बोलणार नाही. खरं तर टॅगच नको. निकेलच्या कॉलमला ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) चालत नाही, आणि न्यूक्लिएजना, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमांना, मॅग्नेशियम मिळू नये म्हणून आपल्याला पहिल्या मिनिटापासून ईडीटीए हवंच असतं.

पीईटी जातीचा वेक्टर आणि बीएल२१ (डीई३) पेशी पुरतात. एक लिटर एलबी (जिवाणू वाढवायचं माध्यम) दोन लिटरच्या दोन फ्लास्कमध्ये अर्धा-अर्धा लिटर वाटून घ्या. एकाच फ्लास्कमध्ये कोंबलं की हवा कमी पडते आणि पेशी अर्ध्यावर येतात. ३७ अंशांवर ६०० नॅनोमीटरची घनता ०.६ झाली की आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करून देणारं, म्हणजे इंडक्शनचं रसायन) ०.५ मिलिमोलर घालायचं आणि तीन तास हलवत ठेवायचं. इंडक्शन चालू असताना वीज गेली आणि शेकर इन्व्हर्टरवर नसला, तर फ्लास्क तसाच उबदार खोक्यात ठेवून वाट बघत बसू नका. दीड तास झाला असेल तर सरळ बर्फावर घेऊन स्पिन मारा. एसएसबी एवढ्या वेळात पुरेसं बनलेलं असतं. लिटरमागे तीन ते पाच ग्रॅम ओल्या पेशी मिळतात आणि त्या उणे २० अंशांवर गोठवून ठेवता येतात.

लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडायचा द्रव, ५०० मिलिलिटर करायचा तर ट्रिस ३.०३ ग्रॅम (५० मिलिमोलर), सोडियम क्लोराइड ५.८४ ग्रॅम (०.२ मोलर), सुक्रोज ५० ग्रॅम आणि ०.५ मोलर ईडीटीए १ मिलिलिटर. पीएच ८.३ लावायचा, पण कुठल्या तापमानाला? ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने सरकतो. २५ अंशांवर ८.३ लावलेला बफर बर्फात ८.९ च्या आसपास जातो. मे महिन्यात अथणीच्या खोलीत ३५ अंशांवर आणि डिसेंबरात बेळगावात १८ अंशांवर लावलेले दोन बफर बाटलीवर एकच आकडा मिरवतात, प्रत्यक्षात त्यांच्यात जवळजवळ अर्ध्या पीएचचा फरक असतो. बफर थंड करून, मीटरचं तापमान जुळवूनच पीएच लावा.

पेशींच्या दर ग्रॅमला ५ मिलिलिटर बफर घ्या. लायसोझाइम २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घालून अर्धा तास बर्फावर ठेवा. पीएमएसएफ (प्रोटीन तोडणारी एन्झाइमं बंद पाडणारं रसायन) १ मिलिमोलर. त्याचा साठा आयसोप्रोपेनॉलमध्ये १७.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात करतात. पाण्यात पीएच ८ ला ते अर्ध्या तासाच्या आसपास निम्मं मरतं, तेव्हा सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरण्यात अर्थ नाही. सोनिकेटर चालवायच्या मिनिटभर आधी घाला, हातमोजे घालून. विषारी आहे ते. सोनिकेशन दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद, बर्फात. सुरुवातीला लायसेट, म्हणजे फुटलेल्या पेशींचा द्रव, ओतताना काकवीसारखी तार धरतो. ही तार तुटून थेंब पडायला लागले की डीएनए पुरेसा तुटला. फेस आला तर प्रोब वर आला आहे. तो खाली घ्या, कारण फेसात प्रोटीन उलगडतं.

इथे एक मोह होतो. लायसेट चिकट आहे म्हणून बरेच जण त्यात चिमूटभर डीनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) टाकतात. रेप्लिकेशनच्या प्रोटीनसाठी हे करूच नका. ते डीनेज शेवटच्या ट्यूबपर्यंत सोबत येतं.

आता या पद्धतीचा गाभा. लायसेट स्पिन करून (१२,००० जी, ३० मिनिटं) वरचा भाग घ्या आणि त्यात पॉलिइथिलीनइमीन घाला. हा धन भाराचा पॉलिमर डीएनए आणि आरएनए ओढून खाली बसवतो, आणि कमी मिठात एसएसबीही त्यासोबत खाली येतं. बाजारात मिळणारा ५० टक्क्यांचा साठा मधासारखा दाट आणि खूप अल्कधर्मी असतो. १० मिलिलिटर घेऊन ८० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७ च्या आसपास आणा आणि १०० मिलिलिटर करा. हे झालं ५ टक्के. २० मिलिलिटर लायसेटला शेवटचं प्रमाण ०.४ टक्के यायला त्यातले पावणेदोन मिलिलिटर लागतात. ढवळत ढवळत थेंबाथेंबाने, दहा-पंधरा मिनिटं घेऊन घाला. एकदम ओतलं की गाठी होतात आणि गाठीच्या आतलं प्रोटीन नंतर सुटत नाही.

०.४ हा आकडा देवाने लिहिलेला नाही. पॉलिमरची बॅच, पेशींची दाटी, मीठ यावर तो हलतो. म्हणून आधी लायसेटचे एक-एक मिलिलिटरचे पाच भाग घेऊन ०.१ पासून ०.५ टक्क्यांपर्यंत करून बघा, स्पिन मारा आणि वरच्या भागाचे नमुने १५ टक्के एसडीएस जेलवर लावा. १९ किलोडाल्टनची जाड पट्टी ज्या प्रमाणाला वरच्या भागातून गायब होते, ते तुमचं प्रमाण. पाचही लेनमध्ये पट्टी तशीच दिसली तर शंका मिठावर घ्यायची. लायसिस बफरमध्ये ०.२ च्या जागी ०.४ मोलर पडलं असेल, तर एसएसबी खाली बसणारच नाही.

पेलेट चिवट आणि पांढरट असतो. त्यावर ०.४ मोलर मिठाचा बफर (५० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए, २० टक्के ग्लिसरॉल) लायसेटएवढाच ओता आणि काचेच्या हाताच्या होमोजिनायझरने सावकाश मळा. व्हॉर्टेक्स नको. तासभर बर्फावर ढवळा आणि पुन्हा स्पिन करा. या वेळी एसएसबी वर आणि डीएनए पॉलिमरसह खाली. घाईने मीठ फार चढवलं तर डीएनएही सुटू लागतो आणि केलेली सगळी मेहनत परत ट्यूबमध्ये येऊन बसते.

मग अमोनियम सल्फेट. लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे २० मिलिलिटरला ३ ग्रॅम. एवढ्या कमी प्रमाणात एसएसबी खाली येतं आणि बाकीची बहुतेक प्रोटीनं वरच राहतात. उरलंसुरलं पॉलिमरही वरच राहतं. म्हणून ही पायरी गाळायची नाही, नाहीतर पुढच्या प्रयोगात पॉलिमर डीएनएला पकडेल आणि तुम्हाला वाटेल की एसएसबीने पकडलं. पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत अमोनियम सल्फेटचे दगड होतात. खलात बारीक कुटून, अर्ध्या तासात चिमटी-चिमटीने घाला. खडे तसेच टाकले की त्या जागी प्रमाण भलतंच वाढतं आणि नको ती प्रोटीनंही खाली येतात. पुढे अर्धा तास ढवळून १२,००० जीला अर्धा तास स्पिन करा. प्रोटोकॉलमध्ये जी लिहिलेलं असतं आणि यंत्रावर आरपीएम, तेव्हा रोटरची त्रिज्या मोजून घ्या. ८ सेंटिमीटरच्या रोटरला १०,००० आरपीएम म्हणजे जेमतेम ९,००० जी.

शेवटी कॉलम. एकपदरी डीएनए चढवलेला सेल्युलोज मिळाला तर सोनंच. ०.३ मोलर मिठात चढवा, ०.६ मोलरने भरपूर धुवा, १.५ ते २ मोलरला एसएसबी उतरतं. एवढ्या मिठातही डीएनएला चिकटून राहणारी प्रोटीनं फार थोडी, त्यामुळे धुण्याचा जोर इथे कामाला येतो. नाही मिळाला तर हेपारिन कॉलम. तोही सिरिंजने चालतो, पण त्याची पकड कमी.

आता एकाग्रता. २८० नॅनोमीटरला टेट्रामरचा शोषणांक १.१३ लाख धरतात. वाचन ०.५६५ आलं तर ५ मायक्रोमोलर टेट्रामर, म्हणजे ०.३८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या जवळपास. २६० आणि २८० चं गुणोत्तर ०.६ च्या आसपास हवं. ०.७ च्या वर गेलं तर डीएनए राहिला आहे, मग एकाग्रतेचा आकडाही खोटा आणि प्रोटीनच्या काही जागा आधीच भरलेल्या. ट्यूबवर नुसतं "२० मायक्रोमोलर" लिहून ठेवू नका. टेट्रामर की मोनोमर तेही लिहा. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती ट्यूब उचलतो तेव्हा चौपटीची चूक तिथेच होते.

न्यूक्लिएजची परीक्षा मात्र निवांत वेळ काढून करावी. हिशेब बघा. जेलवर ५ मायक्रोग्रॅम प्रोटीन लावलं तर एक टक्का भेसळ म्हणजे ५० नॅनोग्रॅम, कूमासी रंगाच्या डोळ्याला कशीबशी दिसणारी. न्यूक्लिएज एन्झाइम आहे, त्याला एक टक्का लागत नाही. दहा हजारात एक भाग असला तरी रात्रभरात तो डीएनए फस्त करतो आणि जेलवर त्याचा मागमूस नसतो. त्यात एसएसबीची अडचण जास्तच, कारण एक्झोन्यूक्लिएज वन त्याच्या शेपटीला स्वतःहून चिकटतं. ही जोडी मुख्यतः भारावर टिकते, म्हणून जास्त मिठाने धुणं हाच इथे उपाय.

परीक्षा तीन डीएनएंवर घ्यायची. फाज एम१३एमपी१८ चा वेटोळ्या आकाराचा एकपदरी डीएनए (७२४९ न्यूक्लिओटाइड) एंडोन्यूक्लिएज, म्हणजे मधूनच तोडणारं एन्झाइम, पकडतो, कारण टोक नसल्यामुळे टोकाकडून खाणाऱ्या एक्झोन्यूक्लिएजला तिथे काही करता येत नाही. सुपरकॉइल्ड (पिळलेलं वेटोळं) पीयूसी१९ प्लाझ्मिड एका पदरातला एकच छेदही दाखवतो. छेद पडला की बँड वर, मोकळ्या वेटोळ्याच्या जागी जातो. तिसरा, ५-प्राइम टोकाला फॅम रंग लावलेला ६० न्यूक्लिओटाइडचा ऑलिगो, म्हणजे एकपदरी डीएनएचा छोटा तुकडा. ३-प्राइमकडून कुरतडलं तर ७ मोलर युरियाच्या जेलवर शिडी दिसते. २० मायक्रोलिटरमध्ये ५ मायक्रोमोलर एसएसबी (साडेसात मायक्रोग्रॅम), १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ३७ अंश, रात्रभर. ट्यूब पीसीआर यंत्रात झाकण तापवून ठेवा, नाहीतर पाणी झाकणाला जाऊन बसतं. सोबत तीन कंट्रोल हवेत: प्रोटीनशिवाय, मॅग्नेशियमऐवजी ईडीटीए घालून, आणि मुद्दाम चिमूटभर न्यूक्लिएज घातलेला. शेवटचा नसेल तर "काही तुटलं नाही" याला किंमत नाही.

जेलवर चढवण्याआधी ०.५ टक्का एसडीएस आणि प्रोटीनेज के घालून अर्धा तास ठेवायला विसरू नका. एसएसबी चिकटून राहिलं तर बँड वर सरकतो, पसरतो, आणि बघणाऱ्याला तो तुटलेला डीएनए वाटतो. चांगल्या बॅचेस याच एका गफलतीपायी सिंकमध्ये ओतल्या जातात. बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड असेल तर एसडीएस पांढरा साका होऊन बसतं, म्हणून इथे सगळीकडे सोडियमच. जानेवारीत बेळगावात एसडीएसची बाटली नुसत्या थंडीनेही साकळते. कोमट पाण्यात धरली की पूर्ववत.

डीएनए धरण्याची ताकद मोजायला रेडिओअ‍ॅक्टिव्ह काही लागत नाही. प्रत्येक मोनोमरमध्ये चार ट्रिप्टोफॅन आहेत आणि डीएनए गुंडाळला की त्यांचा प्रकाश मंदावतो, चांगल्या अवस्थेत ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत. बायोटेक विभागात नसला तरी स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर फार्मसी कॉलेजात बहुधा सापडतो. विनंतीपत्र घेऊन जा आणि क्वार्ट्झची क्युव्हेट त्यांचीच मागा. उत्तेजन २९६ नॅनोमीटर, वाचन ३५० ला. पाण्याचा स्वतःचा रामन पट्टा ३२९ च्या आसपास येतो, त्याला टाळून वाचायचं. ०.१ मायक्रोमोलर टेट्रामर २ मिलिलिटरमध्ये म्हणजे २०० पिकोमोल. सलग सत्तर टी (थायमिन) असलेला ऑलिगो २० मायक्रोमोलर केला तर दर मायक्रोलिटरला २० पिकोमोल पडतात, म्हणजे एक-एक मायक्रोलिटरच्या दहा थेंबांत एकास एक. ०.२ मोलर मिठात एक टेट्रामर साधारण ६५ न्यूक्लिओटाइड गुंडाळतो, त्यामुळे सत्तरच्या ऑलिगोवर एकच बसतो. पकड इतकी घट्ट की आलेख सरळ रेषेत उतरतो आणि एका बिंदूला मोडतो. तो मोड ७ थेंबांवरच आला, तर मोजलेल्या प्रोटीनपैकी ७० टक्केच कामाचं आहे. पुढचे सगळे हिशेब या कामाच्या एकाग्रतेवर करायचे. दोन थेंबांच्या मधे शटर बंद ठेवा, नाहीतर दिव्याच्या प्रकाशानेच ट्रिप्टोफॅन जळतात आणि घसरण फुगून दिसते. फार कमी मिठात, १० मिलिमोलरच्या आसपास आणि प्रोटीन भरपूर असताना, हेच प्रोटीन ३५ न्यूक्लिओटाइडच्या पद्धतीने बसतं आणि त्याच ऑलिगोवर दोन टेट्रामर मावतात. मीठ न सांगता दिलेला आकडा म्हणूनच निरुपयोगी.

साठवण सोपी. ०.५ मोलर मीठ, १ मिलिमोलर ईडीटीए, ५० टक्के ग्लिसरॉल, उणे २० अंश. एवढ्या ग्लिसरॉलमध्ये द्रव गोठत नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावी तासाभराचं लोडशेडिंग झालं तरी गोठणं-वितळणं या फेऱ्यात प्रोटीन सापडत नाही. फ्रीजर फ्रॉस्ट-फ्री जातीचा मात्र नको.

आणि मग खरं काम, म्हणजे पॉलिमरेजला मदत होते का ते बघणं. एम१३ वर प्रायमर आधीच जोडून घ्या. ७० अंशांवरून खोलीच्या तापमानाला सावकाश उतरवा. एसएसबी आधी घातलं तर प्रायमरला जागाच मिळत नाही. ७२४९ ला ६५ ने भागलं तर एका वेटोळ्याला ११२ टेट्रामर, ३५ ने भागलं तर २०७. वेटोळं २ नॅनोमोलर असेल तर २२५ ते ४१५ नॅनोमोलर एसएसबी लागतं. शून्यापासून ५०० पर्यंत पाच-सहा प्रमाणं करा. साठ्यातून येणारं मीठ आणि ग्लिसरॉल प्रत्येक ट्यूबमध्ये सारखं करून घ्या, नाहीतर तुम्ही एसएसबीचा नव्हे तर मिठाचा परिणाम मोजाल. पाच मिनिटांनी टी७ पॉलिमरेज घालायचं आणि ३० सेकंद, १, २, ५, १० मिनिटांना नमुना काढून २५ मिलिमोलर ईडीटीएने थांबवायचा. साधं टी७ पॉलिमरेज डीएनटीपी (डीएनए बनवायचे सुटे घटक) संपले की उलट दिशेने खायला लागतं, म्हणून डीएनटीपी प्रत्येकी २०० मायक्रोमोलरपेक्षा कमी नको.

लांबी बघायला अल्कधर्मी अ‍ॅगारोज जेल, ०.८ टक्के. अ‍ॅगारोज आधी नुसत्या पाण्यात उकळा आणि ६० अंशांवर आल्यावर सोडियम हायड्रॉक्साइड (५० मिलिमोलर) आणि ईडीटीए घाला. गरम असताना अल्कली पडली की अ‍ॅगारोज तुटतं आणि जेल धरतच नाही. ब्रोमोफिनॉल ब्लू इथे फिका पडतो, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन वापरा. सेंटिमीटरला दीड ते दोन व्होल्टवर रात्रभर चालवा. नंतर १ मोलर ट्रिस, पीएच ७.६ मध्ये पाऊण तास ठेवून मगच रंगवा, कारण अल्कलीत इथिडियम हा रंग डीएनए धरत नाही. एसएसबी नसलेल्या लेनमध्ये ठरावीक जागी अडखळलेल्या पट्ट्या दिसतील. एम१३ स्वतःवर दुमडून हेअरपिन करतो, त्या या जागा. एसएसबी वाढेल तशा त्या विरळ होत जातात आणि ७२४९ ची पट्टी गडद होते. २२५ च्या पुढे जाऊनही पट्ट्या तशाच राहिल्या तर पॉलिमरेज बदलायच्या आधी कामाच्या एकाग्रतेचा आकडा परत तपासा. पट्ट्यांऐवजी तळापर्यंत एकसंध धूर दिसला तर न्यूक्लिएजची परीक्षा पुन्हा, या वेळी पॉलिमरेजच्या ट्यूबचीसुद्धा.